व्हायोलिनच्या माइकमध्ये

३ फेब्रुवारी, मंगळवार

सकाळी बायकोची उरलेली औषधं दवाखान्यात देऊन आलो. नर्स म्हणाली, फोडलेली पाकिटं घेत नाही. निम्मी परत आणली. दुपारी वरण लागलं. पातेलं भिजत ठेवलं आहे.

संध्याकाळी धाकट्या मालकांचा फोन. थोरले गेल्यापासून स्टुडिओ तेच बघतात. म्हणजे बघत नाहीत, कुलूप लावून ठेवलं आहे. म्हणाले, "दादा, इमारत पाडतोय. महिनाअखेर जागा रिकामी करायची. खाली टेपांचे दोन कपाटं भरून डबे आहेत, सगळे तुमच्या अक्षरातले. काय हवं ते घेऊन जा. बाकी भंगारात."

मी बघतो म्हणालो.

४ फेब्रुवारी, बुधवार

झोप नाही. एकच विचार — त्या डब्यांत तिचा आवाज असेल का?

७ फेब्रुवारी, शनिवार

गेलो. तेवीस वर्षं जिथे रोज गेलो तिथे पायऱ्या चढताना परक्याच्या घरी आल्यासारखं वाटलं. हॉलमधला गालिचा कुणीतरी उचलून नेला आहे. भिंतींवर मी स्वतः टांगलेल्या गोधड्या मात्र आहेत, धुळीने जड झालेल्या. काचेपलीकडे आवाज मिसळायच्या कन्सोलच्या जागी चार भोकं आणि वायरींचा गुंता. टेपची दोनच मशीन उरली होती, त्यातलं मोठं कधीच विकलं. छोटं दोन-ट्रॅकवालं कोपऱ्यात आहे, त्याला गिऱ्हाईक मिळालं नाही. लावून पाहिलं. फिरतं!

इथे लिहून ठेवतो, कारण कुणाला सांगितलेलं नाही.

ती आमच्याकडे कोरसमध्ये गायची. आठ बायका, दोन रांगा. तिथेच ओळख, तिथेच लग्न ठरलं. बारा वर्षांपूर्वी तिच्या घशाचं ऑपरेशन झालं आणि आवाज गेला. नंतर नुसती कुजबुज. मुलीच्या फोनमध्ये जे काही आहे ती हीच कुजबुज. ती गेल्यावर पहिल्या आठवड्यात लक्षात आलं, की मला तिचा आधीचा आवाज आठवतच नाही. प्रयत्न केला की कुजबुजच येते.

आणि मी रेकॉर्डिस्ट! लोकांचे आवाज जपून ठेवणं हा माझा धंदा!

डबे दोनशेच्या वर आहेत. आज चाळीस पाहिले. लेबलं वाचली की पुरतं, माझ्या अक्षरात कोणत्या ट्रॅकवर काय ते सगळं लिहिलेलं आहे. 'कोरस' असं चौतीस डब्यांवर आहे. तिचं नाव कुठेच नाही. कोरसवाल्यांची नावं लिहायची पद्धत नव्हती.

८ फेब्रुवारी, रविवार

मुलीचा फोन. जेवलात का, गोळी घेतलीत का. मग हळूच — "बाबा, आईचं काही सापडलं?"

नाही म्हणालो.

"एकही नाही? तुम्ही तर दोघं एकाच ठिकाणी होतात!"

हो म्हणालो.

११ फेब्रुवारी, बुधवार

दिवसभर स्टुडिओत. छोट्या मशीनवर कोरसच्या गाण्यांच्या पक्क्या, दोन ट्रॅकांवर उतरवलेल्या टेपा एकेक करून ऐकल्या. आठ आवाज, आणि ऐकू येतो एकच. इतका एकसंध की सुरी घालायला फट नाही. तेव्हा संगीतकार माझ्या पाठीवर थाप मारायचे, "तुझा कोरस म्हणजे दूध!" आज त्या दुधात तिला शोधत बसलो. नाही सापडली.

तिला मीच बुडवली आहे त्यात. तिचा आवाज आठांत सर्वांत उजळ होता. धारदार, लांब जाणारा. पहिल्याच दिवशी माइकमध्ये एकटीच वर आली. कोरसमध्ये एक गळा वर आला की काम बिघडलं. मी काचेमागून बटण दाबून म्हणालो, "मागच्या रांगेतल्या, उजवीकडच्या — दोन पावलं मागे." ती गेली. ठीक झालं. पुढे सगळी वर्षं ती तिथेच उभी राहिली. काही महिन्यांनी तर सांगावंही लागेना, आल्या आल्या स्वतःच दोन पावलं मागे जायची.

लग्नानंतर एकदा घरी विचारलं होतं तिने, "मीच का हो मागे?" मी पेपर वाचत होतो. म्हणालो, "तसंच बरं येतं."

एवढंच. तुझा आवाज सगळ्यांत चांगला आहे म्हणून, हे वाक्य काही अवघड नव्हतं.

१२ फेब्रुवारी, गुरुवार

कालचं लिहिलेलं वाचलं. फाडणार होतो, ठेवलं.

आणखी एक आहे. तेही लिहितो.

मुख्य गायिका यायच्या आधी वादकांना चाल कळावी म्हणून कोरसमधली एखादी अख्खं गाणं गाऊन ठेवायची. त्याला आम्ही 'कच्चा आवाज' म्हणायचो. बहुतेक वेळा हीच गायची, चाल चटकन उचलायची. मग मुख्य गायिका आली की तिला त्याच ट्रॅकवर गायला लावायचं. लाल बटण दाबलं की नवा आवाज चढतो आणि कच्चा पुसला जातो. टेपवर आठच ट्रॅक, म्हणजे आवाजांचे आठच वेगळे पट्टे होते, दुसरी सोय नव्हती.

तीसेक गाणी तरी असतील. तिचं अख्खं गाणं, एकटीचं. प्रत्येक वेळी पुसणारं बोट माझं.

आज कॉम्प्युटरवर काहीच पुसलं जात नाही म्हणे. चुकलं तर मागे जाता येतं. त्या लोकांना मी किती हसलो आहे! मुलाखत घ्यायला आलेल्या एका गृहस्थांना मी ऐटीत सांगितलं होतं, "टेपवर निर्णय घ्यावा लागायचा, साहेब. म्हणून ते काम टिकलं." छापूनही आलं. तिने कात्रण कापून ठेवलं.

१५ फेब्रुवारी, रविवार

धाकट्या मालकांनी जुन्या लोकांना स्टुडिओत बोलावलं होतं, शेवटचं एकदा. पंधरा-सोळा जण आले. चहा, बिस्किटं, प्लास्टिकच्या खुर्च्या. व्हायोलिनवाले हातात काठी घेऊन आले. बासरीवाला दातांशिवाय.

"बासरी वाजते का अजून?"

"वाजते की! फक्त आता माझ्यापेक्षा बासरीच जास्त फुंकते."

आणि गळका आला. माझा दुय्यम रेकॉर्डिस्ट. हे नाव मीच ठेवलेलं. त्याच्या रेकॉर्डिंगमध्ये एकाचा आवाज दुसऱ्याच्या माइकमध्ये शिरायचा. ढोलाच्या माइकमध्ये बासरी, बासरीच्या माइकमध्ये कुणाचा तरी खोकला. माझ्या कामात गळती नसायची. गोधड्या, लाकडी आडोसे, गाणारीला काचेच्या खोलीत बंद. तो आडोसे लावायचा कंटाळा करायचा. म्हणायचा, "माणसं एका खोलीत बसलीत, तर तसं वाटू दे ना!"

मला पाहताच मोठ्याने म्हणाला, "या उस्ताद! बघा, गळका आलाय. आता फक्त नाक गळतं!" सगळे हसले. मग जवळ येऊन हात धरला. "वहिनींचं कळलं. यायला जमलं नाही. गुडघे."

मी बरं म्हणालो.

मग भाषणं. सगळे तेच बोलले — ते दिवस, ती टेप, तो आवाज, आता सगळं खोटं, मशीनने सूर दुरुस्त करतात. मलाही उभं केलं. मीही तेच बोललो! टाळ्या पडल्या. खाली बसलो तेव्हा स्वतःची लाज वाटली. ज्या टेपेची आरती ओवाळली तिनेच माझ्या घरातला आवाज खाल्ला, हे काही सांगितलं नाही.

निघताना गळका म्हणाला, "उस्ताद, तुमचं मनगट मोडलं होतं तेव्हाचं ते माझं गाणं आठवतं? तुम्ही कचऱ्यात काढलेलं?"

"कुठलं?"

"अहो, ज्यात दोन बायका गातात म्हणून तुम्ही माझी अब्रू काढली ते! पुढची मुख्य गायिका. आणि मागची आपल्या वहिनी."



१६ फेब्रुवारी, सोमवार

सगळं आठवलं. मनगट मोडलं म्हणून मी एकोणीस दिवस घरी होतो. गळक्याने एक गाणं केलं. कच्चा आवाज हिचा. काचेची खोली वापरली नाही, हिला वादकांबरोबर हॉलमध्येच उभं केलं. दुसऱ्या दिवशी मुख्य गायिका येऊन त्याच ट्रॅकवर गाऊन गेली, हिचा आवाज पुसला गेला. पण तो व्हायोलिनच्या माइकमध्ये शिरला होता! तो ट्रॅक वेगळा, तो कुणी पुसला नाही. कामावर आल्यावर ऐकलं तर मुख्य गायिकेच्या मागे कुणीतरी दुसरी बाई गाते आहे. मी गळक्याला सगळ्यांसमोर फाडून खाल्लं. गाणं नव्याने केलं. ती टेप पुन्हा वापरायच्या कपाटात टाकली.

म्हणजे तिच्यावर पुढे दुसरं काहीतरी चढवलं असणार.

आम्ही टेप वाया घालवत नसू.

१७ फेब्रुवारी, मंगळवार

सापडली!

सगळ्यात खालचा कप्पा. डब्यावर माझ्या अक्षरात, लाल पेनाने — 'गळती. वापरू नये. पुसून घ्यावी.' तारीख पाहिली. त्यानंतर चारच महिन्यांत स्टुडिओत कॉम्प्युटर आला. टेपा पुसायची गरजच राहिली नाही. ज्या कॉम्प्युटरला मी 'खोका' म्हणायचो, ज्याच्यामुळे दोन वर्षांत मी घरी बसलो, त्याने ही वाचवली.

डबा उघडला. टेप चिकट झाली आहे. बोटाला तपकिरी राळ लागली. कुठल्याही मशीनवर लावली असती तर सालपटं निघाली असती. लावली नाही. डबा छातीशी धरून घरी आणला, लोकांना वाटलं असेल म्हातारा केक घेऊन चाललाय.

१९ फेब्रुवारी, गुरुवार

धाकट्या मालकांनी एका बाईंचा पत्ता दिला. जुन्या टेपा कॉम्प्युटरवर उतरवून देतात. दोन खोल्यांचा फ्लॅट, एका खोलीत आठ ट्रॅकचं मशीन, आमच्यासारखंच. वय पंचेचाळीस असेल. चष्मा डोक्यावर, आणि शोधत होत्या तो टेबलावर.

टेपेचा वास घेतला आणि म्हणाल्या, "भाजावी लागेल, काका."

मी उडालोच.

"घाबरू नका. फळं सुकवायचं यंत्र आहे माझ्याकडे. मंद उष्णतेत आठ तास. चिकटपणा तात्पुरता जातो. मग वाजेल — बहुधा एकदा. दुसऱ्यांदाची खात्री मी देत नाही."

"टेपवरच ऐकायचं होतं मला," मी म्हणालो. "कॉम्प्युटरवर टेपची ऊब येत नाही."

"ऊब आठ तास देणारच आहे की!" स्वतःच हसल्या. मग माझ्या चेहऱ्याकडे बघितलं. "कुणाचा आवाज आहे?"

"घरातल्यांचा."

त्यांनी चष्मा लावला. "मग एकदाच वाजवू, आणि उतरवून घेऊ. नंतर हजारदा ऐका."

डबा ठेवून आलो. घरी आल्यावर हात रिकामे वाटले.

२१ फेब्रुवारी, शनिवार

आज वाजवली. मी आत थांबू शकलो नाही. टेप वाचणाऱ्या हेडची जागा, टेपचा ताण सगळं नीट तपासून दिलं. त्या बटण दाबणार तेवढ्यात म्हणालो, "तुम्ही घ्या, मी बाहेर आहे." जिन्यात बसलो. वरच्या मजल्यावरचं कुत्रं येऊन शेजारी बसलं. दाराआडून काही ऐकू आलं नाही, खोली चांगली बंद केली आहे त्यांनी.

पंचवीस मिनिटांनी दार उघडलं. म्हणाल्या, "आलंय. सगळं आलंय. टेप शेवटी शेवटी कण्हायला लागली होती. दोन दिवस द्या, स्वच्छ करते."

त्यांनी आत बोलावून पाणी दिलं.

२४ फेब्रुवारी, मंगळवार

ऐकलं.

मुख्य गायिकेचा ट्रॅक त्यांनी बंद केला. व्हायोलिनचा तेवढा ठेवला. आधी नुसतं व्हायोलिन, चार सुरांची सुरुवात. मग खोलीच्या त्या टोकाकडून ती गायला लागली.

काय लिहू!

लांबून येतो आवाज. जसं आपण एका खोलीत आहोत, दार उघडं आहे आणि पलीकडे कुणीतरी गातंय. श्वास ऐकू येतो. एका ओळीला तिने तान वर नेली, चालीत नसलेली, आणि व्हायोलिनवाले क्षणभर अडखळले! कुजबुज डोक्यातून गेली. हाच तो आवाज. हाच.

बाईंनी मग दुसरं ऐकवलं. मशीनने व्हायोलिन वेगळं काढून फक्त तिचा आवाज ठेवलेला. अगदी जवळ, स्वच्छ. पण पुसलेल्या फरशीसारखा. म्हणालो, पहिलंच द्या. गळतं आहे तसं.

"मलाही तेच आवडलं," त्या म्हणाल्या. "काका, तुम्ही नशीबवान. कुणीतरी छान ढिसाळ रेकॉर्डिंग केलंय."

रात्री मुलीला पाठवलं. मग तिचा फोन आला. रडत होती. "ही आई? बाबा, आई अशी गायची? अशी... मोठ्याने?"

२५ फेब्रुवारी, बुधवार

मुलीचं वाक्य डोक्यातून जात नाही. अशी मोठ्याने.

खरं आहे. मीही तिला असं गाताना ऐकलेलं नाही. मी कन्सोलवर असताना तिने कच्चा आवाज तीसदा गायला, सुरात, नीटनेटका, जरा आखडलेला. मला वाटायचं हीच तिची ढब. आणि घरी तर कधीच नाही. ओट्याशी नाही, मुलीला झोपवताना नाही. मुलीला झोपवायला मी गुणगुणायचो, बेसूर. मी समजत होतो दिवसभर गाऊन बाईला कंटाळा येतो. मला घरी रेडिओ नको व्हायचा तसं.

मग त्या एका दिवशी, मी घरी मनगट गळ्यात अडकवून बसलो असताना, ती इतकी मोकळी कशी गायली?

२६ फेब्रुवारी, गुरुवार

पाच वेळा ऐकलं. तान घेण्याआधी ती हसते. अगदी बारीक, पण हसते.

कन्सोलवर गळका होता.

२७ फेब्रुवारी, शुक्रवार

गळक्याला फोन केला. त्याने उचलल्यावर गुडघ्यांचं विचारलं. त्याने दहा मिनिटं गुडघे सांगितले, डाव्याचं वेगळं, उजव्याचं वेगळं. तो गमत्या, बायका त्याच्याशी हसून बोलायच्या. माझ्याशी कुणी हसून बोलत नसे, मी काचेमागे. विचारायचं होतं — त्या दिवशी काय झालं होतं? ती तुझ्यापुढे का गायली अशी? तोंडून निघालं ते, "शेक घेत जा."

एकाहत्तराव्या वर्षी हा मत्सर! गेलेल्या बाईबद्दल! शरम वाटते, पण आहे.

१ मार्च, रविवार

कालपासून जागा रिकामी. बाकीच्या टेपा भंगारवाल्याने नेल्या. बघायला गेलो नाही.

ऐकता ऐकता एक गोष्ट कानाला लागली. रेकॉर्डिंग पहिल्या सुरावरच एकदम सुरू होतं. आधी काहीच नाही. गळका गाण्याच्या आधी जवळजवळ अर्धं मिनिट टेप फिरवत ठेवायचा, त्याची खोड. तो भाग कुठे गेला?

बाईंना फोन केला. म्हणाल्या, "अहो, सुरुवातीला बडबड होती. कापली मी. स्वच्छ करून द्यायची सवय."

माझीही तीच. आयुष्यभर ब्लेडने गाण्याच्या आधीचं आणि नंतरचं बोलणं कापलं. संध्याकाळी खुर्चीखाली कापलेल्या टेपेचे तुकडे साचायचे, झाडूवाली ते भरून न्यायची.

"गेलं म्हणजे ते," मी म्हणालो.

"गेलं कुठे? आमच्याकडे काही जात नाही, काका. मूळ तसंच्या तसं आहे. पाठवते."

३ मार्च, मंगळवार

आलं. अठ्ठावीस सेकंद.

खुर्च्या सरकतात. व्हायोलिनवाले सूर लावताहेत. मग गळका, काचेमागून — "वहिनी, एवढ्या लांब कुठे चाललात? पुढे या."

ती म्हणते, "नको भाऊजी, इथेच बरी. माझा आवाज बरा नाही. यांच्या कानाला खुपतो, म्हणून तर हे मला कायम मागे ठेवतात."

"कोण म्हणालं?"

"म्हणायला कशाला हवं? घरीसुद्धा मी गात नाही. त्यांना त्रास नको."

"आज उस्ताद नाहीत. या पुढे, गा मोकळ्याने. मी सांगत नाही त्यांना."

ती हसते. पावलं वाजतात. एक, दोन.

बंद केलं. गॅलरीत गेलो. दोरीवरचे कपडे वाळले होते. काढले, आत आणून पलंगावर एकेक घडी घातली.